पाच वाक्ये पुरली असती

मी, कलावती मारोती गणवीर, वय बहात्तर, निवृत्त बालवाडी शिक्षिका, राहणार पामर्स्टन नॉर्थ, न्यूझीलंड, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या मुलाला त्याबद्दल शंका येण्याचा संभव आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मनात राग आहे, हे खरे. पण रागावलेल्या माणसाला मृत्युपत्र करता येते, हे मी वकीलबाईंना विचारून घेतले आहे.

वकीलबाईंनी इंग्रजीत दोन पानांचा मसुदा करून दिला होता. त्यात कोणाला काय, एवढेच होते. का, ते नव्हते. ते सांगितल्याशिवाय मला मरायचे नाही, म्हणून हे मराठीत. याचे इंग्रजी भाषांतर करून घेण्याचा खर्च माझ्या पैशातून व्हावा.

कलम पहिले. मी आणि माझे दिवंगत पती मारोती (आयुष्यभर त्यांचे नाव घेतले नाही, कायद्याच्या कागदावर घ्यावे लागते) यांनी पूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात आम्ही हे राहते घर आमच्या पश्चात बौद्ध मंडळाला विहारासाठी द्यायचे ठरवले होते. ते आता द्यायचे नाही. मंडळाने यावरून माझ्या मुलाशी वाद घालू नये. निर्णय माझा आहे.

कलम दुसरे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी लोअर हट येथे राहणारी माझी मैत्रीण सुनीता हिने करावी. सुनीता हॉस्पिटलमध्ये नर्स होती आणि रडणाऱ्या नातेवाइकांना न ओरडता खोलीबाहेर काढण्याची तिला सवय आहे. माझ्या पांढऱ्या साड्यांपैकी हव्या त्या तिने घ्याव्यात. तिला काही मिळणार असल्यामुळे ती साक्षीदार म्हणून सही करू शकत नाही. याचे तिला वाईट वाटले, पण नियम तसा आहे.

कलम तिसरे. घर मंडळाला का नाही.

हे समजायला माझ्या वडिलांपासून सुरुवात करावी लागेल. ते नागपूरला गिरणीत कामाला होते. त्यांना वाचता येत नव्हते. छप्पन्न साली लाखो लोकांबरोबर ते दीक्षा घ्यायला उभे राहिले तेव्हा मी तीन वर्षांची होते, आईच्या कडेवर. बाबासाहेबांनी प्रतिज्ञा मराठीत सांगितल्या आणि वडिलांनी त्या मराठीत म्हटल्या. मी दारू पिणार नाही, असे त्यात होते. वडील त्याआधी रोज पीत. त्या दिवसानंतर प्यायले नाहीत. मी मोठी झाल्यावर एकदा त्यांना विचारले की एवढी जुनी सवय एका दिवसात कशी सुटली. ते म्हणाले, "मी म्हटलं होतं ना, पिणार नाही म्हणून." त्यांना याहून जास्त काही सांगायचे नव्हते, आणि मलाही आजवर याहून जास्त काही लागलेले नाही.

मारोती मृदाशास्त्रज्ञ होते. अकोल्याची नोकरी सोडून ते इथल्या संशोधन संस्थेत आले तेव्हा आमचा मैत्रेय शाळेत होता. मी पुन्हा परीक्षा दिल्या आणि इथल्या किंडीत, म्हणजे बालवाडीत, शिकवायला लागले. चार वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. मुलाला समजले नाही तर ते तुमच्याकडे बघणे बंद करते आणि बुटाचा पट्टा उघडझाप करायला लागते. मोठी माणसे असे करत नाहीत. ती मान डोलावतात, आणि त्यामुळे शिकवणाऱ्याचा गैरसमज होतो.

पामीत (पामर्स्टन नॉर्थला इथे सगळे पामी म्हणतात) आपली कुटुंबे वाढली तसा मी रविवारचा वर्ग सुरू केला. गराजमध्ये जुना गालिचा, एक हीटर, लहान खुर्च्या, दारात जँडल्सचा, म्हणजे रबरी चपलांचा, ढीग. शेवटी शेवटी मुले मराठीत ऐकायची आणि इंग्रजीत उत्तर द्यायची. मी त्रिशरण आणि पंचशील पालीत म्हणून घेत असे, कारण कानाला ते छान वाटते, आणि लगेच मराठीत सांगत असे. कोणाला मारू नको. न दिलेले घेऊ नको. कोणाच्या अंगाला त्याच्या मर्जीशिवाय हात लावू नको. खोटे बोलू नको. डोके फिरवणारे काही घेऊ नको. पाच वाक्ये. दर रविवारी एकच वाक्य घ्यायचे आणि आठवडाभर त्याचे काय झाले ते पुढच्या रविवारी सांगायचे. एका मुलाने डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, न विचारता उचललेली लॉली खिशातून काढून माझ्यासमोर ठेवली होती, अर्धी चघळलेली. आम्ही दोघे चालत डेअरीत गेलो. तो दुकानदाराशी स्वतः बोलला. माझ्या मते त्या दिवशी त्याचा धम्माचा अभ्यास चांगला झाला.

मग कुशल आले. कुशल हे मंडळाचे अध्यक्ष. पुण्याहून आलेले, डेटाचे काम करणारे, कष्टाळू आणि नम्र गृहस्थ. त्यांनी सगळ्यांसाठी चार पातळ्यांचा अभ्यासक्रम बनवला. प्रोजेक्टर आला, वह्या आल्या, परीक्षा आली. पामीचा वर्ग बंद करून लोअर हटमध्ये भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये एकच मोठा वर्ग करायचा असा ठराव त्यांनी मांडला. त्याला अनुमोदन देणारा माणूस माझा मुलगा होता.

मैत्रेय वेलिंग्टनला सरकारी खात्यात सॉफ्टवेअरचे काम करतो. रोज रेल्वेत बसून त्याने पत्राद्वारे बौद्ध तत्त्वज्ञानात एम. ए. केले. मला त्याचा अभिमान होता, अजून आहे. पण सभेत उठून, सगळ्यांसमोर, अतिशय गोड आवाजात तो मला म्हणाला, "आई, तू जे शिकवतेस ते नीतिशिक्षण आहे. चांगलंच आहे. पण धम्म त्याहून खूप खोल आहे."

मी म्हटले, "खोल आहे ना? मग पोरांना काठावरून तरी उतरू दे."

लोक हसले. ठराव मंजूर झाला. हसणाऱ्यांनीही हात वर केले होते.

पामीहून लोअर हटला पोरांना गाडीत घालून न्यायचे म्हणजे अख्खा रविवार जातो. पहिल्या सत्रात सगळे गेले. पुढच्या सत्रात निम्मे. त्यानंतर फुटबॉल, पोहणे, वाढदिवस अशी कारणे सुरू झाली. मी स्वतः पदविकादानाला गेले होते. सहा वर्षांच्या एका मुलाने प्रतीत्यसमुत्पादाच्या बाराही कड्या पालीत न अडखळता म्हणून दाखवल्या. टाळ्या पडल्या. पाच मिनिटांनी पार्किंगमध्ये त्याने नुकत्याच मिळालेल्या प्रमाणपत्राच्या गुंडाळीने धाकट्या भावाच्या डोक्यात हाणले. मी कुशलना ते दाखवले. ते म्हणाले की वर्तन हा भाग तिसऱ्या पातळीत येतो.

आता पामीचे एकही मूल त्या हॉलमध्ये जात नाही. अभ्यासक्रम मात्र पूर्ण झाला आहे असे अहवालात लिहिले आहे. अशा मंडळाला विहार बांधायला माझे घर मी देणार नाही. भिंती कमी पडल्या म्हणून त्यांचा वर्ग मोडलेला नाही.

कलम चौथे. गराजमधला गालिचा, हीटर आणि लहान खुर्च्या माझी नात निशा हिला द्याव्यात. यातून एक खुर्ची वगळावी आणि ती कुशल यांना पोचवावी. तिची उंची त्यांच्या पोटरीएवढी आहे. त्यांनी तिच्यावर एकदा बसावे, समोर एक पाच वर्षांचे मूल बसवावे आणि चौथ्या पातळीतला कोणताही धडा त्याला सांगून पाहावा. हा अपमान नाही. मी निवृत्त होईपर्यंत रोज अशाच खुर्चीत बसत होते.

कलम पाचवे. माझ्या घराच्या बोळातल्या कपाटात मैत्रेयची पुस्तकांची खोकी आहेत. त्याच्या घरी जागा नाही म्हणून ती इथे आली. ती त्याचीच आहेत, मी ती त्याला देत नाही, परत करते. त्यांतले काही चुकीचे आहे असे माझे म्हणणे नाही. रिकाम्या वेळी मी त्यातली बरीच वाचली आहेत. मैत्रेयला हे ठाऊक नाही, त्याने कधी विचारले नाही.

कलम सहावे. बँकेतली शिल्लक, अंत्यविधीचा खर्च वजा जाता, निम्मी मी ज्या किंडीत शिकवले तिला आणि निम्मी निशाच्या शिक्षणाला. किंडीने माझ्या नावाचा फलक लावू नये. वाळूचा खड्डा मात्र दुरुस्त करावा, त्यात पाणी साचते.

कलम सातवे. मारोतींची फावडी, कुदळ, मातीचा नमुना काढायचा नळा आणि मागच्या अंगणातली काचेची लहान शेड ही माझी सून नीलांबरी हिला. इथल्या वाऱ्यात मेथी कशी जगवायची हे या कुटुंबात फक्त तिने विचारले. नीलांबरी हिंदू घरातली आहे. लग्न ठरले तेव्हा तिने मैत्रेयला विचारले होते की तुमच्यात मला काय काय करावे लागेल. त्याने तिला एक लांबलचक ईमेल पाठवला. तो वाचून ती घाबरली आणि तिने मला फोन केला. मी सांगितले की खोटे बोलू नकोस आणि जेवायला ये. ती आली, आणि आजवर आमचे बरे चालले आहे. दिवाणखान्यातली बुद्धमूर्तीही तिच्याकडेच राहू द्यावी. ती पुसते.

कलम आठवे. राहते घर, जमिनीसह, माझा मुलगा मैत्रेय याला.

हे कलम लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण माझा सगळ्यात जास्त राग त्याच्यावर आहे. कारणे लिहिते.

मारोतींचा आजार लांबला. शेवटचे काही महिने ते याच घरात होते. मैत्रेयने बिनपगारी रजा काढली आणि इथे राहायला आला. बापाला उचलून न्हाणीत नेणे, अंग पुसणे, हगलेले-मुतलेले काढणे, चादर बदलणे, सगळे त्याने केले. मारोतींना लाज वाटायची. ते भिंतीकडे तोंड करून पडत. मैत्रेय काम करी, आणि झाले की त्यांचा चष्मा पुसून त्यांच्या हातात देई. त्या दिवसांत त्याच्या तोंडून पालीचा एक शब्द मी ऐकला नाही. इतका धम्म मी कोणा माणसात पाहिलेला नाही. हे मी त्याला तेव्हा सांगायला गेले तर तो म्हणाला, "यात काय आहे, आई." त्याला खरोखरच त्यात काही दिसले नाही. याचाच मला संताप येतो.

मारोती गेले तेव्हा निशा नऊ वर्षांची होती. विधी आटोपून माणसे गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली आणि बापाला म्हणाली, "डॅड, आजोबा आता कुठे आहेत?"

मैत्रेय खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. त्याने तिला पंचस्कंध सांगितले. अनात्म, म्हणजे कायमचा असा कोणी 'मी' नसतोच, हे सांगितले. एका दिव्यावर दुसरा दिवा लावला तर ज्योत तीच की वेगळी, हे सांगितले. तो थकलेला होता, त्याचे डोळे सुजलेले होते, आणि तो मनापासून सांगत होता. मी भांडी विसळत होते. निशा फ्रॉकची गुंडी उघडझाप करायला लागली होती. शेवटी तिने विचारले, "सो वॉज ही ईव्हन रिअल?"

मैत्रेय म्हणाला की प्रश्नच थोडा चुकीचा आहे. ती उठून गराजमध्ये गेली.

मी हात पुसून तिच्यामागे गेले. गालिच्यावर ती भिंतीला टेकून बसली होती. मी शेजारी बसले; माझ्या गुडघ्यांना ते जमत नाही, तरी बसले. मी तिला म्हटले, "आजोबा होते. खरेच होते. आता गेले, परत येणार नाहीत. कुठे गेले ते मला माहीत नाही."

"यू डोन्ट नो?"

"नाही. पण उद्या कचऱ्याचे बिन बाहेर काढायचे आहेत. शेजारच्या मिसेस टिंडलचे बिन आजोबा काढत असत, कारण तिचा खुबा दुखतो. आता ते कोण काढणार?"

ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "आय कॅन डू इट." दुसऱ्या दिवशी सकाळी पायजम्यावर आजोबांचे गमबूट चढवून तिने ते मोठे बिन रस्त्यापर्यंत ओढत नेले. परत आली तेव्हा तिने पोटभर खाल्ले. दोन दिवसांनी प्रथमच.

मैत्रेयने गराजच्या दारातून आमचे बोलणे ऐकले होते. तो मला नंतर म्हणाला की तू तिला उत्तर दिले नाहीस, काम दिलेस. मी म्हटले की तुझ्या आजोबांनाही, माझ्या वडिलांना, उत्तर मिळाले नव्हते, कामच मिळाले होते. त्यावर तो म्हणाला, "इट्स मोअर कॉम्प्लिकेटेड दॅन दॅट, आई." तेव्हापासून आम्ही एकमेकांशी हवापाण्याचे बोलतो.

यंदा मारोतींच्या स्मृतिदिनाला मैत्रेयने इथेच, दिवाणखान्यात, व्याख्यान ठेवले. कुशल प्रोजेक्टर घेऊन आले. पडद्यावर बाण होते, चौकटी होत्या, एका चौकटीत बापाचे छायाचित्र होते. सुनीता बसल्या बसल्या झोपली. मुले केव्हाच मागच्या अंगणात पळाली होती. मी चहाचे दूध आणायला गराजमधल्या फ्रिजकडे गेले तेव्हा दाराच्या फटीतून निशाचा आवाज आला. बाहेरच्या पायरीवर तीन-चार लहान पोरे बसली होती आणि ती त्यांच्यासमोर उभी होती. ती माझीच पाच वाक्ये इंग्रजीत सांगत होती. "डोन्ट हर्ट एनिबडी. डोन्ट निक स्टफ. डोन्ट बी ग्रॉस टू पीपल. डोन्ट लाय. डोन्ट गेट वेस्टेड."

भाषा ऐकून माझ्या कपाळाला आठी पडली, हे लिहून ठेवते. त्यांतल्या एका मुलाने विचारले की यातले काही आधीच केले असेल तर काय.

निशा म्हणाली, "देन से सॉरी, अँड स्टार्ट फ्रॉम टुडे."

हे मी तिला शिकवलेले नव्हते. मैत्रेयनेही नाही. माझे वडील गिरणीतून सुटून दीक्षेच्या गर्दीत उभे राहिले, तेव्हा त्यांनी दुसरे काय केले होते? मी दूध घेऊन आत गेले. पडद्यावर अजून बाण होते. मी मैत्रेयच्या कोपराला हात लावून हळूच म्हटले की बाहेर तुझी मुलगी काय सांगते आहे ते एकदा जाऊन ऐक. तो म्हणाला, शेवटच्या तीन स्लाइड राहिल्यात. त्या संपेपर्यंत पोरे ट्रॅम्पोलिनवर गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी वकीलबाईंना फोन केला.

तरीही घर मैत्रेयलाच. बापाचे शरीर त्याने या घरात सांभाळले, म्हणून. निशाला रविवारी मुले जमवायची असतील तर गराज तिला मोकळे ठेवावे, अशी माझी इच्छा आहे. वकीलबाई म्हणतात की अशी अट टिकवणे कठीण. म्हणून ही अट नाही. मैत्रेय, ही विनंती आहे. तुझी गाडी बाहेर ठेव.

कलम नववे. अंत्यविधी.

माझे दहन पामीतच व्हावे. पांढरी साडी, साधी पेटी. फुलांवर पैसे घालवू नयेत. बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी, दोन मेणबत्त्या. प्रोजेक्टर नको. कुशल यांनी जरूर यावे, सगळ्यांना जयभीम करावा आणि बसावे. व्याख्यान कोणीही देऊ नये. माझ्या आयुष्यातून काय शिकण्यासारखे आहे हे सांगायला कोणी उभे राहिले तर सुनीताने त्याला बाहेर न्यावे, तिला ते येते.

मिसेस टिंडल, किंडीतल्या माझ्या मैत्रिणी आणि आपली माणसे, सगळ्यांना समजेल असे काही असावे. म्हणून त्रिशरण आणि पंचशील निशाने द्यावे. पालीत जमले तर पालीत. मराठी अडखळत आली तरी चालेल. मराठी येईना तर तिच्या त्या इंग्रजीत म्हणावे. मी ऐकायला नसेन, आठी पडणार नाही.

एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी त्याच्यामागून म्हणायचे, ही आपली रीत. मैत्रेयने सर्वांच्या पुढे, पेटीजवळ, जमिनीवर बसावे. हात जोडावेत. आपली मुलगी एकेक वाक्य म्हणेल, ते त्याने तिच्यामागून मोठ्याने म्हणावे. मध्ये थांबून तिला सुधारू नये.

वर लिहिलेले सर्व मी पुन्हा वाचले आहे. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे सही केली आहे. मैत्रेयबद्दलचा एक शब्द मी त्या दोन्ही ठिकाणी बदलला, तो काय होता हे कोणाला सांगण्याची गरज नाही.

सही: कलावती मारोती गणवीर
स्थळ: पामर्स्टन नॉर्थ
तारीख: २ नोव्हेंबर २०२५

(साक्षीदारांच्या इंग्रजी निवेदनाचे मराठी भाषांतर) कलावती गणवीर यांनी आमच्या दोघांच्या समक्ष सही केली व त्यानंतर आम्ही त्यांच्या समक्ष सह्या केल्या. आम्हाला मराठी वाचता येत नाही. आत काय आहे असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की घर मुलाला दिले आहे आणि त्याला एक काम दिले आहे.

साक्षीदार १: मेरे विरेमू, निवृत्त बालवाडी शिक्षिका, पामर्स्टन नॉर्थ
साक्षीदार २: ग्रॅहॅम लिंडसे, निवृत्त पोस्टमन, पामर्स्टन नॉर्थ